दोन छपरांमधली फट

आमच्या घरात लाकडाचा भुसा भाकरीतसुद्धा सापडायचा. वडील शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत पॅटर्नमेकर होते. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. लोखंडाचा एखादा भाग ओतायचा तर आधी त्याच्या आकाराचा लाकडी नमुना करावा लागतो. मोल्डरनं तो वाळूत दाबून काढला की मागे पोकळी राहते, आणि त्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओततात. हा लाकडी नमुना म्हणजे पॅटर्न. तात्या आठवडाभर कारखान्यात पॅटर्न करायचे आणि सुट्टीच्या दिवशी घरी पुढच्या सोप्यात पोतं अंथरून बाहेरची बारीकसारीक कामं करायचे. त्या दिवशी सकाळी जाग यायची ती रंध्याच्या आवाजानं. सोप्यात रंधा आणि आत आईचं भाकरी थापणं, दोन्ही एका लयीत चाललेलं असायचं आणि दोघांत एकही शब्द नसायचा. मग आई हिरव्या मिरच्या तव्यातच तांब्याच्या बुडानं रगडून खर्डा करायची. ठसका सोप्यापर्यंत यायचा, तात्या खोकायचे आणि म्हणायचे, आता काम थांबवावंच लागणार. भूक लागली हे सांगायची त्यांची ती पद्धत होती.

तात्यांकडे एक पितळी पट्टी होती. तिच्यावरचा इंच खऱ्या इंचापेक्षा केसभर मोठा होता, कारण लोखंड निवताना आकसतं आणि पॅटर्न तेवढा आधीच मोठा करून ठेवावा लागतो. हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरी आर्किटेक्चरच्या कॉलेजात गेल्यावर पहिलं मॉडेल करताना मी घाईत तीच पट्टी उचलली. पाया एका पट्टीनं मोजला, भिंती दुसऱ्या पट्टीनं, आणि एक भिंत पायाच्या बाहेर लोंबायला लागली. आई आल्यागेल्याला सांगायची, "आमच्या संजूचं घर निवल्यावर बसतंय बघा बरोबर." तात्या हसले नाहीत. त्यांनी पट्टी पुसून खिशात ठेवली आणि म्हणाले, "पट्टी खोटी नसती. कशासाठी उचलली ते ध्यानात ठेवायचं."

हे प्रकरण मी याआधी तीनदा लिहायला घेतलं आणि तिन्ही वेळा दुसरंच काहीतरी लिहून उठलो. आज पन्नाशी ओलांडल्यावर, स्वतःचं छोटं ऑफिस चालवत असताना, माझ्याकडची मुलं स्क्रीनवर मॉडेल गरागरा फिरवताना बघितली की मला हाताला चिकटलेला डिंक आठवतो, आणि डिंकापाठोपाठ भुपालअण्णा आठवतात. म्हणून आता लिहून टाकतो.

तिसऱ्या वर्षी आमच्या डिझाइनच्या सरांनी एक काम दिलं. गावातली एखादी उभी इमारत निवडायची, तिच्यात राहून, फिरून तिचं मर्म शोधायचं आणि त्या मर्माचं मॉडेल करायचं. इमारतीची नक्कल नको, तिच्यामागचा विचार हवा, असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. वर्गातल्या पोरांनी देवळं घेतली, तालमी घेतल्या, एकानं तर जुना पाण्याचा हौद घेतला. मी मामाचं गुऱ्हाळ घेतलं. बापूमामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. कसबा बावड्याच्या कडेला त्याचं रान होतं आणि रानाच्या तोंडाशी गूळ करायचं गुऱ्हाळघर. लहानपणापासून मी तिथं काकवी चाटायलाच जात होतो. इमारत म्हणून तिच्याकडे मी पहिल्यांदा बघितलं ते त्या थंडीत, मोजपट्टी घेऊन.

बघायला गेलं तर त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. दगडमातीच्या भिंती, एक धुराडं आणि कौलाची दोन छपरं. एक छप्पर उंच, त्याच्याखाली चुलवाण आणि चुलवाणावर रस आटवायची भलीमोठी काहील. दुसरं ठेंगणं, त्याच्याखाली वाफा, म्हणजे आटलेला रस ओतून निववायचा उथळ हौद. दोन छपरं एकमेकांना भिडलेली नव्हती. मध्ये हातभर उंचीची आडवी फट होती आणि तिच्यातून दिवसभर पांढरी वाफ बाहेर पडत असायची. मला वाटलं होतं की बांधताना मापं चुकली असतील. तसं मी भुपालअण्णांना विचारलंसुद्धा.

भुपालअण्णा मामाकडचे गुळव्या. नदीकाठच्या शिरोळ गावचे, साठीला टेकलेले, अंगात बंडी आणि डोक्याला टॉवेल. दसरा झाला की ते यायचे आणि हंगाम संपेपर्यंत गुऱ्हाळावरच राहायचे. असे वीसएक हंगाम झाले होते. मामा आणि ते रोज एकाच किटलीतला गुळाचा चहा प्यायचे; साखरेचा चहा गुऱ्हाळावर फक्त परक्या पाहुण्याला मिळायचा. ऊस कुणाचा का असेना, गूळ गुळव्याच्या हाताचा असतो. रसात भेंडीचं पाणी कधी घालायचं, मळी कधी काढायची, काहील कोणत्या क्षणी उतरवायची, हे तो ठरवतो. एक क्षण इकडंतिकडं झाला की दिवसाचं काम वाया. बाजारात सौद्याला व्यापारी गुळाचा रवा, म्हणजे ढेप, टिचकीनं वाजवून बघायचे आणि विचारायचे, हात कुणाचा? मामाचा अडत्या नुसतं "भुपालअण्णा" म्हणायचा आणि पुढं कुणी काही विचारायचं नाही.

माझ्या प्रश्नावर अण्णा हसले. काहिलीवरची नजर न काढता म्हणाले, "वाफ म्हंजे माह्यारला निघालेली लेक. तिला वाट मोकळी पायजे. अडवलीस तर हितंच रडत बसंल." मग त्यांनी मला सगळं दाखवलं. काहिलीवरची वाफ उंच छपराला लागते, छप्पर तिला फटीकडं ढकलतं, ती बाहेर जाते, म्हणून ठेंगण्या छपराखाली गूळ कोरड्या हवेत निवतो. खाली चुलवाणात चिपाडं सारणारे इस्माईलभाई ओरडून म्हणाले की अण्णा, त्याला हेबी सांगा की धूर कुठनं जातोय, नायतर इंजिनेर धुराडं बी चुकून बांधलंय म्हणंल. मी वहीत भराभर लिहून घेत होतो. एवढ्या साध्या इमारतीत एवढा विचार आहे हे मला खरोखर कुणी सांगितलं नसतं तर दिसलं नसतं.

मी तीन मॉडेलं केली. पहिलं तात्यांच्या उरलेल्या लाकडाचं, कौल न् कौल बसवलेलं. सरांनी ते बाजूला सारलं. ही इमारत झाली, विचार कुठं आहे, म्हणाले. दुसऱ्यात मी भिंती काढून टाकल्या. बारीक तारांचा सांगाडा केला आणि त्यातून दोरे ओवले, विस्तवाचा तांबडा, धुराचा काळा आणि वाफेचा पांढरा. पांढरा दोरा काहिलीतून उठून फटीतून बाहेर जात होता. सर बराच वेळ बघत राहिले. आता जवळ आलास, म्हणाले, आता हे सगळं एका रेषेत सांग. ती एक रेषा शोधण्यात माझे पंधरा दिवस गेले. शेवटी मी पांढऱ्या जाड बोर्डाचं एकच छप्पर केलं, उंचावरून निघून हलकं वाकत ठेंगण्या भिंतीपर्यंत उतरणारं. उठलेली वाफ खाली येऊन गूळ होते, असा त्याचा अर्थ. फट ठेवून बघितली, पण ती रेष मोडत होती. म्हणून मी फट बुजवली.

हे मॉडेल घरी सोप्यात ठेवलं होतं तेव्हा तात्यांनी उकिडवं बसून सगळ्या बाजूंनी बघितलं. बोर्ड वाकवताना कुठंही चुणी पडली नव्हती, याचं त्यांनी कौतुक केलं. मग विचारलं, "ह्यातनं काय ओतणार?" मी म्हणालो, ओतायचं काही नाही तात्या, हे नुसतं बघायचं. ते "बरं" म्हणाले आणि रंध्याकडे वळले.

त्या मॉडेलला पहिला नंबर मिळाला. परीक्षक म्हणून आलेल्या मोठ्या माणसांसमोर मी अण्णांनी सांगितलेलं सगळं शुद्ध भाषेत सांगितलं. वाफेचा प्रवास हीच या इमारतीची रचना आहे, असं वाक्य मी दोनदा वापरलं. अण्णांचं नाव एकदाही घेतलं नाही. मुद्दाम टाळलं असं नाही, घ्यावं असं सुचलंच नाही, आणि याचीच मला आता जास्त लाज वाटते. गावातल्या पेपरात मॉडेलच्या शेजारी माझा फोटो आला. आईनं तो गल्लीत फिरवला. बापूमामा फटफटीवरून पेढे घेऊन आला आणि जाताना मॉडेल मागून घेऊन गेला. त्याच्या घरी ते कपाटावर, समोरच दिसेल असं बसलं.

गुऱ्हाळाची कौलं जुनी झाली होती आणि त्या पावसाळ्यात फारच गळली. दसरा होताच मामाचा निरोप आला, भाच्याला घेऊन या. आम्ही गेलो तर रानात बाजलं टाकलेलं, बाजल्यावर माझं मॉडेल आणि भोवती शिरोलीहून आणलेले पत्र्याचं काम करणारे चार लोक. कौलं उतरून झाली होती. मामानं मॉडेलबरहुकूम पत्रे कापून आणले होते, उंच भिंतीपासून ठेंगण्या भिंतीपर्यंत एकच छप्पर. त्याला हे गुपचूप करून मला चकित करायचं होतं. अण्णा नुकतेच शिरोळहून आले होते. पिशवीही खाली ठेवलेली नव्हती. ते मॉडेलभोवती एक फेरी मारून आले आणि त्यांनी विचारलं, "आन् वाफ कुठनं जाणार?"

मामा हसला. "अण्णा, पोरानं पैला नंबर काढलाय. पेपरात आलंय. त्यानं इचार केला नसंल व्हय?" मग माझ्या खांद्यावर हात टाकून मला पुढं घेतलं. "बघ रं संजू. बरोबर हाय का न्हाय?"

मला त्या क्षणी सगळं माहीत होतं. मॉडेल आणि इमारत यांत काय फरक असतो, सरांनी कशाला एक रेष मागितली होती, मी कशासाठी फट बुजवली होती, सगळं. मामा, हे नुसतं कल्पनेचं मॉडेल आहे, यावरून बांधायचं नसतं, इतकंच म्हणायचं होतं. पण पत्रे कापून झाले होते, चार परकी माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मामाचा हात खांद्यावर होता. मी विचार केला, वाफच ती, कुठूनतरी जाईल.

"बरोबर हाय, मामा," मी म्हणालो.

अण्णा हातातली पिशवी आत ठेवायला घेऊन गेले.

हंगाम सुरू झाला आणि थंडी पडली. वाफ पत्र्याला लागून तिथंच गार व्हायची, तिचं पाणी पत्र्याच्या आतल्या बाजूनं उतारावरून ओघळत खाली यायचं आणि अगदी ठेंगण्या टोकाला थेंब थेंब गळायचं. खाली वाफ्यात गूळ निवत असायचा. गुळाला ओल धरू लागली. रवा कठीण होईना, अंगाला चिकट लागायचा, रंगही काळपट. सौद्याला व्यापाऱ्यांनी टिचकी मारली आणि हात पुसले. मामाचा गूळ पहिल्यांदाच बाजूला पडला. अण्णांनी पत्र्याचं सांगून बघितलं, तर मामा म्हणाला की चार थेंबांनी गूळ बिघडतो व्हय, पावसाळ्यात कौलं काय गळत नव्हती? त्याचं म्हणणं वरवर खरंच वाटायचं. पुढं तो सगळ्यांसमोर म्हणायला लागला की म्हाताऱ्याचा हात गेला. मामा वाईट माणूस नव्हता. त्याला माझं छप्पर चुकीचं असू शकतं असं वाटायला जागाच नव्हती, कारण ते बरोबर आहे असं मी सांगितलं होतं.

मी त्या दिवसांत गुऱ्हाळावर जायचं टाळत होतो. एकदा आईनं मामीसाठी धपाटी दिली म्हणून जावं लागलं. दुपारची वेळ, आधीची काहील उतरून झालेली, दुसरी चढायची होती. अण्णा रसाच्या टाकीपाशी एकटे बसले होते. नेहमीसारखं "ये इंजिनेर" म्हणाले नाहीत. बराच वेळ स्वतःचा उजवा तळवा बघत राहिले. मग म्हणाले, "संजू, तू शिकलायस. मला खरं सांग. माझा हात गेला का रं?"

त्यांनी छपराचं विचारलं नव्हतं, हाताचं विचारलं होतं. त्यांच्या डोक्यावर पत्र्याच्या कडेला थेंबांची ओळ लागलेली मला दिसत होती. मी म्हणालो, "औंदा थंडी जास्त हाय, अण्णा. त्यानं बी होत असंल." ते मान हलवत राहिले, आणि त्यांचा माझ्यावर विश्वास बसला आहे हे मला कळलं.

त्यानंतर अण्णांचं कामात लक्ष लागेना, असं मामी सांगायची. एकदा काहील फार लवकर उतरवली, एकदा इतका वेळ ठेवली की तळ करपला. ज्या माणसानं वीस वर्षांत कुणाला विचारलं नव्हतं, तो इस्माईलभाईंना विचारू लागला, रंग आलाय का बघा. मग एके दिवशी सकाळी चुलवाणाला हात जोडून, पिशवी घेऊन ते निघून गेले. मामानं त्यांना घालवलं नव्हतं, पण थांबवलंही नाही.

मामानं दुसरा गुळव्या आणला, तरणाताठा, हसतमुख. आठ दिवस त्याचाही गूळ ओलच धरत राहिला. आता मला राहवेना. मी मामाकडे गेलो, आणि या प्रकरणातलं सगळ्यांत वाईट काम मी तिथं केलं. मामा, छपरात एक सुधारणा सुचली आहे, असं मी म्हणालो. वरचा पत्रा हातभर उचलायचा आणि दोन छपरं वेगळी करायची, म्हणजे हवा खेळती राहील. सुधारणा हाच शब्द मी वापरला. पत्रा उचलला, वाफ बाहेर जायला लागली आणि तिसऱ्या दिवशी गूळ पूर्वीसारखा पिवळाधमक निघाला. सौद्याला पुन्हा मान मिळाला. मामा सगळ्यांना सांगत सुटला की नव्या गुळव्याचा हात चांगला हाय आणि आमच्या भाच्याचं डोकं. आईनं त्या गुळाचे खडे गल्लीभर वाटले.

त्या संध्याकाळी जेवताना आई हेच कौतुक करत होती. तात्या पिठल्यात भाकरी कुस्करत ऐकत होते. तिचं सांगून झाल्यावर त्यांनी मला विचारलं की पहिल्या कौलांना अशी फट होती ना? मी हो म्हणालो. आईनं एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि भाकरी उलटायला वळली.

"माल फुटला की पयल्यांदा मोल्डरला धरत्यात," तात्या म्हणाले. "वाळू त्याची, हात त्याचा. पॅटर्नवाला गप बसला की मोल्डर जातो. येकदा मी बी गप बसलोय." कुणासाठी, कधी, काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही, आणि आता विचारायला ते नाहीत. पण माझे वडील त्या संध्याकाळी मला इतके जवळचे वाटले की मी ताटावरून उठू शकलो नाही.

दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून मी शिरोळची एसटी धरली. अण्णांचं घर विचारत विचारत गेलो. भिंतीवर छातीच्या उंचीला पुराच्या पाण्याची रेघ होती, अंगणात दोन म्हशी. अण्णा वैरण टाकत होते. त्यांनी मला बसायला पोतं दिलं, ताक दिलं. मी सगळं सांगितलं, मॉडेलचं, फट बुजवल्याचं, परीक्षकांपुढं त्यांची वाक्यं माझी म्हणून सांगितल्याचं, सुधारणेचं. त्यांनी मध्ये अडवलं नाही. शेवटी एवढंच विचारलं की मी तुला हाताचं इचारलं, तवा तुला हे ठावं हुतं का?

मी म्हणालो, "व्हय."

"आन् तू थंडीचं सांगितलंस." त्यांनी हातातली वैरणीची पेंढी म्हशीपुढं टाकली. "हितं आल्यावर परत खात्री झाली माझी, पत्र्याचंच हाय ते. त्याचं काय न्हाय. पर ह्या हातावर मी जलमात संशय घेतला नव्हता. तो तू घ्याय लावलास." आवाज चढलेला नव्हता. मी पाया पडायला वाकलो तर ते मागं सरले. मला सांगून उपयोग नाही, म्हणाले. ज्यांच्यासमोर माझा हात गेला असं बोललं गेलंय, त्यांच्यासमोर सांग, आणि जमत नसेल तर पुन्हा इकडं येऊ नको.

गुऱ्हाळाचा हंगाम संपताना शेवटची काहील उतरली की चुलवाणाला नारळ फोडतात आणि मालक सगळ्या माणसांना मटणाचं जेवण घालतो. गुळव्याला त्या दिवशी पोशाखाचा मान असतो, टॉवेल, टोपी, धोतरजोडी. मामानं आम्हालाही बोलावलं होतं. पंगत बसली, पांढरा रस्सा वाढून झाला, तांबडा यायचा होता. मामानं पोशाख माझ्या हातात दिला आणि म्हणाला, हंगाम तुम्हा दोघांमुळं तरला, तूच दे त्याला. नवा गुळव्या पाटावरून उठून उभा राहिला.

मला वाटलं होतं की मी नीट जुळवून बोलेन. तसं काही झालं नाही. मी म्हणालो, "हा मान भुपालअण्णांचा हाय. त्यांचा हात गेला नव्हता. माझं छप्पर चुकलं हुतं, आन् मला ते पयल्या दिवसापासनं ठावं हुतं." पुढं म्हणालो की फट ही माझी सुधारणा नाही, ती आधीपासून होती, मीच ती बुजवली होती. आई पदर तोंडाला लावून खाली बघत होती. तात्या माझ्याकडे बघत होते. मामाच्या चेहऱ्यावर आधी काहीच न समजल्याचा भाव आला, मग त्याला समजलं, आणि मग तो रश्श्याच्या पातेल्याकडे वळला.

"जेवा," मामा म्हणाला. "रस्सा गार व्हायलाय."

सगळे जेवले. मीही जेवलो, कारण न जेवता उठणं म्हणजे आणखी एक अपमान झाला असता. पोशाख माझ्या मांडीशेजारी तसाच पडून होता. नव्या गुळव्यानं तो मागितला नाही. हात धुताना इस्माईलभाई माझ्या शेजारी आले. मला वाटलं, शिव्या देतील. ते हातावर पाणी घेत म्हणाले, "संजू, ठावं समद्यास्नी हुतं की. मला हुतं. ह्या नव्याला बी पयल्याच दिवशी कळलं. पर तू शिकलेला माणूस. बरोबर हाय म्हणालास. मग आमी कुठल्या तोंडानं बोलायचं?"

मी आजवर पुष्कळ इमारती बांधल्या. नकाशावर सही करताना पेन टेकवण्याआधी मी थांबतो. माझ्या हाताखालच्या मुलांना वाटतं की साहेब काटेकोर आहेत. काटेकोरपणा तो नाही. माझ्या एका वाक्यानं तिथं काम करणाऱ्या सगळ्यांची तोंडं बंद झाली होती, हे मला त्या हात धुण्याच्या जागी कळलं, आणि त्या भीतीची सवय मला अजून झालेली नाही.

मामा माझ्याशी त्या दिवशी बोलला नाही, पुढंही बरेच महिने बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तोच पोशाख पिशवीत घालून तो कुणाला न सांगता फटफटीवरून शिरोळला गेला. हे मामीनं आईला सांगितलं आणि आईनं मला. दुपारी परत आला तेव्हा पिशवी रिकामी होती, म्हणजे अण्णांनी मान घेतला होता. मामीला फार बरं वाटलं. तिनं विचारलं, मग येतो म्हणाले का पुढच्या दसऱ्याला?

मामा उंबऱ्यात बसून चपला काढत होता. "च्या दिला त्यांनी," म्हणाला. मग चपला बाजूला सारून म्हणाला, "साखरंचा."

मामीला खरं वाटेना. गुळव्याच्या घरात साखर कुठली?

"न्हवतीच," मामा म्हणाला. "शेजारनं मागून आणली. पावणं आल्यात म्हणून."